दोनशे बारा पानं

घरच्या कॉम्प्युटरवर लिहायला कुठला प्रोग्रॅम चांगला, हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा तरी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असतं हे मला त्याच्या पहिल्या वाक्यातच कळतं. त्याचं आधीच ठरलेलं असतं. कुणाला भाच्याने सांगितलेलं असतं, कुणाला शेजारणीकडे आहे तोच हवा असतो, आणि माझ्याकडून फक्त मान डोलावून घ्यायची असते. मी मान डोलावत नाही, म्हणून माझं नाव थोडं खराब आहे. बावीस वर्षं मी टायपिंगचा क्लास चालवला. टाइपरायटर भंगारात गेले, क्लास बंद पडला, आणि तेव्हापासून मी घरोघरी जाऊन लिहिणाऱ्या माणसांचे कॉम्प्युटर सांभाळते. खेळ, सिनेमे, फोटो यांतलं मला काही विचारू नका. लिहिण्याचं विचारा.

माझ्या लेखी लिहिण्याचे प्रोग्रॅम तीनच. एक जाडा: त्याला इतकी बटणं की निम्मी कशासाठी आहेत हे बनवणाऱ्यालाही आठवत नसेल, पण सगळीकडे चालतो म्हणून सगळे घेतात. दुसरा फुकट्या: गुणी आहे बिचारा, पण फुकट मिळतो म्हणून त्याला कुणी मान देत नाही. तिसरा निळा. तो बनवणारी मंडळी केव्हाच दुकान बंद करून निघून गेली, आता तो फक्त जुन्या मशीनवर चालतो, आणि सुरू होताना पडदाभर निळी चौकट दाखवतो म्हणून मी त्याला निळा म्हणते. त्याची एक खोड आहे. फाइल उघडली की एकूण पानं किती हे तो लगेच सांगत नाही. खाली कोपऱ्यात एक, दोन, तीन, चार असं मोजत बसतो, गुडघे दुखणारं माणूस जिना चढतं तसं, आणि तो शेवटच्या पानावर पोचेपर्यंत तुम्ही पाणी पिऊन येऊ शकता.

आणि माझा नियम एकच. एका घरात लिहिण्याचा एकच प्रोग्रॅम. नवा आला की जुना गेला पाहिजे, मुळासकट. दोन ठेवले की माणूस सकाळी एकात फाइल उघडतो, संध्याकाळी दुसऱ्यात सेव्ह करतो, आणि तिसऱ्या दिवशी मला फोन करून रडतो. या नियमाने मी कितीतरी लोकांची कितीतरी पानं वाचवली आहेत. एका घरासाठी तो मी मोडायला हवा होता.

ते घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन खोल्या, खिडकीच्या बाहेर तापमापी, आणि बोळासारख्या अरुंद जागेत भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं पितळी यंत्र. साहेबांनी चौतीस वर्षं हवामान वेधशाळेत नोंदी घेण्यात काढली होती, आणि निवृत्त झाल्यावरही सकाळी साडेआठला खिडकीत जाऊन पारा वाचल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. ते आपल्या आठवणी लिहीत होते. आठ वर्षं लिहीत होते. निळ्यात. मी त्यांना साहेब म्हणायची, त्यांच्या बायकोला वहिनी, आणि घरात तिसरे होते ते साहेबांचे भाऊ, सात वर्षांनी लहान, ज्यांना वहिनी भाऊजी म्हणत आणि बाकी सगळं जग धाकटे म्हणे, चौसष्टाव्या वर्षीसुद्धा.

धाकटे बाइंडर होते. लग्न केलं नव्हतं. हाताला कायम खळीचा वास, डाव्या भुवईवर जुन्या जखमेची पांढरी रेघ, आणि तोंडात सदा माझी थट्टा. "मास्तरीणबाई, रोग्याची नाडी काय म्हणते?" मी कॉम्प्युटरसमोर बसले की हे ठरलेलं वाक्य. मग चहा. मग, "जेवून आलात का, की आमच्या दादाच्या मशीनमुळे उपाशी?" हा प्रश्न मला दुसरं कुणी विचारत नाही, म्हणून मी तो इथे लिहून ठेवते. दादाच्या पुस्तकासाठी त्यांनी गर्द हिरवं कापड आणून ठेवलं होतं आणि पुस्तक कधी संपतंय म्हणून ते आम्हा सगळ्यांचा जीव खात. आणखी एक. मी घाईची बाई आहे, चपला दाराशी कशाही भिरकावते. त्या घरातून निघताना मात्र माझ्या चपला दरवेळी दाराबाहेर तोंड करून, एकीला एक लावून ठेवलेल्या असत, की पाय घातला आणि चाललं. हे करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तेही थट्टेवारी नेलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

माझी नि त्यांची ओळख नेमकी कधी झाली हे मला आठवत नाही. साहेबांकडे मी सहा वर्षं जातेय, आणि पहिल्या एक-दोन खेपांना चहा कुणी आणला होता हे कितीही आठवलं तरी डोळ्यांसमोर येत नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी साहेबांनी बोलावलं ते मशीन आवाज करतंय म्हणून. मी कान लावला. आतली डिस्क कट्‌ कट्‌ करत होती, आणि हा आवाज सुरू झाला की किती दिवस उरले हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

"नवं मशीन घ्यावं लागेल," मी म्हणाले. "आणि नव्यावर निळा चालणार नाही. जाडा घालून देते."

"मग नको."

"साहेब, ही डिस्क बसली की आठ वर्षांचं काम बसलं."

"दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पानं कमी होतात," ते म्हणाले.

मला हसू आलं. हे मी शंभर वेळा ऐकलंय. प्रत्येक प्रोग्रॅम अक्षरं थोडी वेगळी मांडतो, ओळीत एखादा शब्द जास्त बसवतो, शेवटी पान-दोन पानांचा फरक पडतो. मी त्यांना हे क्लासमध्ये समजावून सांगावं तसं समजावलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "चोवीस पानांचा पडतो?"

मी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि माझ्या लॅपटॉपवर जाड्यात उघडली. साहेबांच्या निळ्यात दोनशे बारा पानं होती. जाड्यात एकशे अठ्ठ्याऐंशी. फुकट्यात उघडली. एकशे अठ्ठ्याऐंशी. त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"चाळिसावं पान बघा," साहेब म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

चाळिसाव्या पानावर उन्हाळ्याची दुपार होती. साहेब वीस वर्षांचे, भाऊ तेरा. गावाबाहेरची दगडाची जुनी खाण, तिच्यात साठलेलं काळं पाणी. मोठ्याने धाकट्याला डिवचलं होतं, की तुझ्याच्याने पलीकडचा काठ गाठणं व्हायचं नाही. धाकट्याने उडी मारली. 'मी आकडे मोजू लागलो. ऐंशीपर्यंत मोजले.' पान तिथे संपत होतं. निळ्यात पुढचं पान असं सुरू होत होतं: 'एक्याऐंशीला तो पलीकडच्या काठाशी वर आला. भुवईतून रक्त वाहत होतं आणि तो हसत होता.' आणि जाड्यात पुढचं पान असं सुरू होत होतं: 'दुसऱ्या दिवशी आईने त्याचे कपडे घडी करून ट्रंकेत ठेवले आणि ट्रंकेला कुलूप लावलं.'

मी जाड्यात पुढे गेले. तिथून शेवटापर्यंत धाकट्यांचा उल्लेख नव्हता. साहेबांच्या लग्नात जिथे निळ्यात ते पंगतीत आग्रह करत होते, तिथे जाड्यात दुसरंच कुणी आग्रह करत होतं. आईच्या आजारपणात रात्री जागणारे साहेब एकटे होते. बाइंडिंगचं दुकान नव्हतंच. आणि कुठेही जोड दिसत नव्हता. फाइल बिघडते तेव्हा काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे: अक्षरांच्या जागी चौकोन येतात, अर्धं वाक्य लटकतं, चित्र गायब होतं. बिघडलेली फाइल कधी इतकी सुरेख वाचता येत नाही.

तेवढ्यात कपबश्या वाजल्या. "मास्तरीणबाई, साखर बघा बरोबर आहे का. आणि दादाला विचारा पुस्तक या जन्मात संपणार का, कापडाला कसर लागायला आली." मी लॅपटॉपचं झाकण खाली घेतलं. का घेतलं हे मला सांगता येणार नाही. धाकट्यांनी माझ्यासमोर कप ठेवला, भावाच्या पाठीवर एक थाप मारली आणि ते गुणगुणत आत गेले. त्यांच्या भुवईवरची रेघ मी त्या दिवशी पहिल्यांदाच टक लावून पाहिली.

"त्याला मी वाचू देत नाही," साहेब हळूच म्हणाले. "बाकीचं पुस्तक माझं वर्षभरात झालं होतं. ती चोवीस पानं लिहायला मला सात वर्षं लागली. काही करा, पण निळा तसाच राहू द्या. शब्द द्या मला."

मी शब्द दिला. निघताना ते उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "दोनशे बाराव्या पानावर तुम्हीही आहात बरं का. तुम्ही आणि धाकटा." छप्पन्नाव्या वर्षी बाईने लाजू नये, पण माझे कान गरम झाले, आणि ते पान मी काही वाचलं नाही. म्हटलं, पुस्तक बांधून हातात येईल तेव्हा वाचू. दाराशी चपला बाहेर तोंड करून होत्या.

घरी जाताना मी माझ्या परीने उलगडा केला. निळा पुसलेला मजकूर फाइलच्या पोटात दडवून ठेवतो, ही त्याची जुनी सवय मला ठाऊक होती. भाऊ बुडाला असं ऐंशी आकडे मोजेपर्यंत या माणसाला वाटलं होतं. एक्कावन्न वर्षं झाली तरी त्याच्या मनाचा एक कोपरा अजून त्याच काठावर उभा आहे. त्याने कधीतरी ते दुसरंही लिहून पाहिलं असेल, पुसलं असेल, आणि आता एका प्रोग्रॅमला हे दिसतं नि दुसऱ्याला ते, एवढंच. चौकोन आणि जोड यांचा विचार मी बाजूला सारला. मला साहेबांची फार दया आली. एवढं भलं घर, एवढा चांगला भाऊ समोर हिंडतो-फिरतोय, आणि हा माणूस एका जुनाट प्रोग्रॅमच्या भीतीत जगतोय. याला यातून बाहेर काढायला हवं, असं मी ठरवूनच टाकलं. मी लोकांचं भलं करायला निघाले की मला आवरणं कठीण असतं.

पुढच्या महिन्यात साहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. दोन दिवस ते आणि वहिनी हॉस्पिटलात होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मला धाकट्यांचा फोन आला.

"मशीन ओरडायला लागलंय. या लवकर."

मी गेले. डिस्क आता कट्‌ कट्‌ करत नव्हती, किंचाळत होती. शेजारी नवं मशीन खोक्यातून काढून, पुसून, वायरी लावून ठेवलेलं होतं. ते धाकट्यांनीच आणून ठेवलं होतं, दादाला डोळे उघडल्यावर दाखवायला.

"मी शब्द दिलाय त्यांना," मी म्हणाले.

"शब्द राखा आणि पुस्तक घालवा, असलं काही करू नका हो. दादा पट्टी काढून घरी येईल आणि समोर काळा पडदा बघेल, तो टिकेल का?" ते माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "त्याचं मनावर घेऊ नका. तो भित्रा आहे, लहानपणापासूनच. मी जरा नजरेआड झालो की हाका मारत सुटतो. माझ्यावर ढकला. म्हणा, धाकट्याने सांगितलं."

मी आधी निळा नव्यावर चढवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. दोन तास केला. तो चढेना. मग फाइल नव्या मशीनवर घेतली, जाडा घातला आणि फाइल त्यात उघडली. जाड्याने नेहमीप्रमाणे मधोमध पाटी लावली: ही फाइल जुन्या पद्धतीची आहे, नव्या पद्धतीत बदलू का?

"काय विचारतोय?" धाकट्यांनी वाकून पाहिलं.

"जुनं तसंच ठेवू का, बदलू म्हणून विचारतोय."

"बदल म्हणा. किती वर्षं तेच ते." ते हसले. "मी चहा टाकतो. साखर अर्धा चमचा, आहे लक्षात."

मी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. ती सरकत असताना मी जुन्या मशीनकडे वळले आणि माझ्या हातांना जी सवय आहे ते त्यांनी केलं: निळा काढला, मुळासकट, त्याचे कानाकोपऱ्यांतले अवशेष शोधून पुसले. एका घरात एकच. पट्टी भरली. खाली आकडा आला, एकशे अठ्ठ्याऐंशी, आणि मी स्वतःशी म्हटलं की साहेबांना पुन्हा एकदा नीट समजावून सांगू.

चहा आला नाही.

मी हाक मारली, मग उठून आत गेले. शेगडी गार होती. ओट्यावर थेंब नव्हता. कपाटाच्या काचेतून दोन कप दिसत होते, दोनच, आणि तिसऱ्यासाठी तिथे जागासुद्धा नव्हती. दूध आणायला गेले असतील, म्हणून मी थांबले. अर्धा तास थांबले. ज्या कोपऱ्यात हिरव्या कापडाचा गठ्ठा असे तिथे वहिनींचं शिवणाचं मशीन होतं, आणि ते जणू कायम तिथेच असल्यासारखं त्याच्या पायाशी फरशीवर गंजाचे डाग होते. मी दाराशी आले. माझ्या चपला मी टाकल्या होत्या तशाच पडल्या होत्या, तोंडं घराच्या आत, एक उताणी. मी त्या चपलांकडे बघत राहिले.

जिन्यावर पावलं वाजली. वहिनी हॉस्पिटलातून कपडे न्यायला आल्या होत्या.

"झालं का काम? बरं झालं बाई, काल किल्ली तुमच्याकडे देऊन ठेवली."

"धाकटे कुठे दिसत नाहीत," मी म्हणाले.

"कोण धाकटे?" वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्यांचा चेहरा मऊ झाला. "यांनी सांगितलं वाटतं तुम्हाला? मला तर लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलं. एवढासा पोर होता हो. यांच्यासमोर गेला. फोटोसुद्धा नाही घरात."

माझ्या पर्समध्ये त्यांच्या घराची किल्ली होती.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. ते नव्या मशीनवर वाचत बसले होते आणि आवाजावरून खुशीत वाटत होते. अक्षरं किती स्वच्छ दिसतात, मशीन किती शांत आहे, तुमचे उपकार झाले. निळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मी दिलेल्या शब्दाचंही नाही.

"फक्त एक होतंय," ते म्हणाले. "चाळिसाव्या पानाशी आलो की डोळ्यांतून पाणी यायला लागतं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर येतंच. तुम्हाला काय वाटतं?"

"येत असेल," मी म्हणाले.

"हां. आणि हो, तुमच्या ओळखीत कुणी चांगला बाइंडर आहे का हो? माझ्या माहितीत कुणीच नाही."

बघते म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि मी भर दुपारी माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. कुणासाठी रडतेय हे सांगायला मला जगात एक माणूस उरला नव्हता. भाऊ ज्याचा होता त्याच्याकडे निदान एक्कावन्न वर्षांचं जुनं दुःख होतं, ते समाजाला मान्य असलेलं दुःख होतं. मी गमावला होता तो चौसष्ट वर्षांचा माणूस, जो माझ्याखेरीज कुणी पाहिलाच नव्हता, आणि तो माझ्या बोटाने गेला होता.

माझ्या घरी माळ्यावर एक जुनं मशीन आहे, आणि ज्या चकतीवरून मी गावभर निळा घातला ती चकतीही आहे. मी दोन्ही खाली काढलं. निळा चढला. पेन ड्राइव्हवरची साहेबांची फाइल, मी आधी घेतलेली, न बदललेली, त्यात उघडली आणि हात मांडीवर ठेवून बसले. कोपऱ्यातला आकडा चढू लागला. चाळीस. साठ. शंभर. दीडशेपाशी तो जरा रेंगाळला. एकशे सत्त्याऐंशी. एकशे अठ्ठ्याऐंशी. पुढचा आकडा यायला वेळ लागतोय म्हणून मी वाट पाहिली. खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं, भिंतीवर चढलं, आणि आकडा तिथेच होता.

मग मी चाळिसाव्या पानावर गेले. 'ऐंशीपर्यंत मोजले' यापुढे कर्सर लुकलुकत होता. बावीस वर्षं मी मुलींना सांगत आले होते की बोटं आपोआप जातील तिकडे जाऊ द्या, बघू नका. मी डोळे मिटले आणि टाइप केलं: एक्याऐंशीला तो पलीकडच्या काठाशी वर आला.

तेव्हापासून मी नवी कामं घेत नाही. भाचेवाल्यांना सांगते, जाडा घ्या, चांगला आहे. सकाळी उठते आणि लिहिते. लग्नातली पंगत लिहिली, आईचं आजारपण लिहिलं, दुकानातला खळीचा वास लिहिला. मी ती पानं एकदाच, आणि तीही भराभर, नजरेखालून घातली होती. जे आठवत नव्हतं तिथे मी पाहिलेलं घातलं, पाठीवरची थाप, गुणगुणणं, अर्धा चमचा साखर. साहेबांची भाषा माझ्यापेक्षा कोरडी, ती मला नीट साधत नाही. जखमेपाशी मी तीन दिवस अडकले. इतकी वर्षं तो चेहरा समोर होता, पण समोरच्या माणसाचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं, आणि एकदा शंका आली की डोळ्यांसमोरचा चेहराही हलायला लागतो. वर मी डावी म्हणून गेलेय, पण तीही खात्रीने नाही; फाइलमध्ये शेवटी मी 'उजव्या भुवईतून' असं लिहिलं. साहेबांना विचारायची सोय नव्हती.

आज कोपऱ्यातला आकडा दोनशे अकरावर आला. एकच पान राहिलंय, शेवटचं, ज्यात मी आणि ते आहोत आणि जे मी वाचलेलं नाही. त्यात साहेबांनी काय लिहिलं असेल याचा मी सकाळभर विचार केला. काहीही लिहिता येईल, आणि म्हणूनच हात पुढे जाईना. शेवटी जरा मोकळ्या हवेत जाऊन यावं म्हणून मी अकराच्या सुमाराला उठले, पर्स घेतली आणि दाराशी आले.

काल संध्याकाळी बाहेरून आल्यावर मी चपला नेहमीसारख्या भिरकावल्या होत्या. त्यानंतर दाराची कडी मी काढलेली नाही. चपला दाराबाहेर तोंड करून होत्या, एकीला एक लावून, पाय घातला आणि चाललं अशा. फक्त उजवी डावीकडे ठेवलेली होती, आणि डावी उजवीकडे.

मी त्या तशाच पायांत घातल्या.